इंग्रजीची उजळणी: वाचन, लेखन, साहित्य. बारा तासिकांत काय घ्यावं, काय सोडावं?

निळी_वही

नमस्कार मंडळी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वर्गाची परीक्षेआधीची इंग्रजीची उजळणी घ्यायची आहे. पाऊण-पाऊण तासाच्या बारा तासिका हातात आहेत. पेपरचे तीन भाग: न पाहिलेला उतारा आणि त्यावरचे प्रश्न, लेखन (निबंध आणि सारांश), आणि साहित्य (कथा किंवा कविता, तीही बहुधा पुस्तकाबाहेरची).

व्याख्या पाठ आहेत. मेटाफर (रूपक) म्हणजे काय विचारलं की घडाघडा सांगतात, पण नव्या कवितेत तो दाखवा म्हटलं की एकमेकांची तोंडं बघतात. उताऱ्यातली सरळ उत्तरं सापडतात, ‘यावरून काय कळतं?’ आलं की गाडी अडते. निबंधात दोन पानं भरतात, पण म्हणायचं काय आहे ते हाती लागत नाही.

सगळं पहिल्यापासून शिकवायला वेळ नाही. कशाला किती वेळ द्यावा आणि काय सरळ सोडून द्यावं? नुसतं ‘सराव घ्या’ नको, सराव कसला आणि कसा ते हवं आहे.

पूर्णविराम

आधी काय सोडायचं ते सांगतो, कारण वेळ तिथूनच निघणार आहे. वह्या पुन्हा वाचून घेणं सोडा. फळ्यावर व्याख्या लिहून देणं सोडा. व्याख्या येतात हे तुम्हीच लिहिलं आहे.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गात फसगत होते ती याच ठिकाणी. वही वाचून झाली की मुलांना आणि आपल्यालाही वाटतं, सगळं येतंय. आठवड्याने पेपर समोर आला की त्यातलं निम्मंही हाताशी नसतं.

पहिली तासिका शिकवण्यात घालवू नका. २५० ते ३०० शब्दांचा एक नवा उतारा द्या आणि त्यावर सहा प्रश्न: दोन सरळ माहितीचे, एक शब्दार्थाचा, दोन अनुमानाचे, एक मुख्य कल्पनेचा. शेवटी ८०-१०० शब्दांचा एक परिच्छेद लिहायला द्या. तपासताना गुण देऊ नका. प्रत्येक चुकीपुढे फक्त प्रकार लिहा:

१. प्रश्न नीट वाचला नाही
२. उतारा कळला नाही
३. कळला, पण पुरावा दिला नाही
४. पुरावा दिला, पण इंग्रजी वाक्य मोडलं

या चार रोगांची औषधं वेगळी आहेत. तिसऱ्या प्रकारच्या मुलाला व्याकरणाचे स्वाध्याय दिले तर त्याचं व्याकरण सुधारेल आणि गुण तेवढेच राहतील. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला निबंधाचे साचे देऊन काही होणार नाही, त्याला आधी वाचता यायला हवं.

उरलेल्या अकरा तासिकांतल्या तीन वाचनाला, चार लेखनाला, तीन साहित्याला आणि शेवटची पेपर हाताळण्यासाठी. त्या तासिकेत पूर्ण पेपर बसणार नाही, पण घड्याळ लावून एक उतारा आणि एक निबंधाचा आराखडा होतो. तासिका बुडाली तर साहित्यातली कापा, लेखनातली नको. साहित्याचं उत्तरही शेवटी परिच्छेदातच लिहायचं असतं.

आणि हे तीन भाग सलग घेऊ नका, आलटूनपालटून घ्या. प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटं आधीच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या तासिकेतलं वही मिटून कागदावर लिहायला. थोडं विसरून गेल्यावर आठवायला लावलं की पक्कं होतं.

समासातला_शेरा

अनुमानाचे प्रश्न अडतात, कारण मुलांना एकतर वाटतं की उत्तर उताऱ्यात शब्दशः असायला हवं, नाहीतर वाटतं की काहीही लिहिलं तरी चालेल. या दोन्हींच्या मधली जागा दाखवावी लागते. फळ्यावर दोनच वाक्यं लिहा:

‘लीना फोल्डेड द लेटर ट्वाइस अँड स्लिप्ड इट बिहाइंड द क्लॉक. व्हेन हर ब्रदर आस्क्ड इफ द पोस्ट हॅड कम, शी टर्न्ड द टॅप ऑन फुल अँड सेड शी कुडन्ट हिअर हिम.’

प्रश्न: लीनाला काय हवं आहे? वहीत तीन रकाने आखायला सांगा. पहिला, ‘काय लिहिलंय’: पत्राला दोन घड्या, घड्याळामागे, भावाचा प्रश्न, नळ पूर्ण सोडला. दुसरा, ‘मला काय माहीत आहे’: वस्तू दिसू नये असं वाटलं की माणूस ती कशाच्या तरी मागे ठेवतो, आणि उत्तर द्यायचं नसलं की आवाजाचं निमित्त करतो. तिसरा, ‘म्हणून’: पत्र आल्याचं भावाला कळू नये असं तिला वाटतं.

आता निम्मा वर्ग लिहील, ‘पत्रात वाईट बातमी आहे.’ इथे थांबा, सगळी तासिका या एका उत्तरावर गेली तरी हरकत नाही. विचारा: कोणता शब्द खोडला तर तुमचं उत्तर पडेल? ‘भावापासून लपवते आहे’ या उत्तराखालून ‘बिहाइंड द क्लॉक’ काढा, ‘ऑन फुल’ काढा, ते लटपटतं. म्हणजे ते त्या शब्दांवर उभं आहे. ‘वाईट बातमी’खालून काय काढाल? काढायला काहीच नाही. भावाला चकित करणारी आनंदाची बातमीही त्या पत्रात असू शकते. पहिलं अनुमान झालं, दुसरी अटकळ. ही खोडण्याची कसोटी मुलांच्या हाताला बसली की परीक्षेत ती मनातल्या मनात करता येते.

उत्तर लिहितानाही तोच क्रम उलटा: आधी अनुमान, मग ‘बिकॉज’, मग उताऱ्यातले तीन ते सहा शब्द अवतरणात. अख्खं वाक्य उतरवू देऊ नका. अख्खं वाक्य उतरवणाऱ्याला बहुतेक वेळा नेमका पुरावा कुठला तेच ठाऊक नसतं.

बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय साधारण चार तऱ्हांचे असतात: उताऱ्यात खरं आहे पण विचारलं वेगळंच आहे, उताऱ्यातलेच शब्द आहेत पण नातं उलटं केलंय (कारणाचा परिणाम केला), ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’ घालून ताणलंय, जगात खरं आहे पण उताऱ्यात नाही. मुलांना बरोबर पर्याय निवडायला लावण्याऐवजी उरलेले तीन का चूक हे शेजारी लिहायला लावा. एका तासिकेत पाच प्रश्नच होतील. पुरेत.

मुख्य कल्पनेसाठी प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पाच-सात शब्द, स्वतःचे. शेवटी ते समास वरून खाली वाचायचे आणि दोन प्रश्न विचारायचे: हे सगळं कशाबद्दल आहे, आणि त्याबद्दल काय म्हणणं आहे? पहिल्याच प्रश्नावर थांबलं तर ‘बीज’ (मधमाश्या) एवढंच उत्तर येतं. ‘मधमाश्या कमी झाल्या की आधी फळबागा अडचणीत येतात’ हे दुसऱ्याचं उत्तर, आणि गुण त्यालाच आहेत. सारांशासाठी वेगळी तयारी लागत नाही, हेच समास जोडून लिहायचे. मूळच्या साधारण एक तृतीयांश लांबी, उदाहरणं आणि संवाद बाहेर, स्वतःचं मत अजिबात नाही.

शब्दार्थासाठी जागेवरची कसोटी एकच: अंदाजाचा शब्द त्या जागी घालून वाक्य वाचा, पुढचं वाक्य अजून जुळतंय का बघा. उपसर्गावरून अर्थ काढायला शिकवा, पण खड्डाही दाखवून ठेवा. ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ नकार देतो, ‘इन्फ्लेमेबल’मधला देत नाही, ती वस्तू चांगलीच पेटते.

रेघा मारण्याबद्दल एकच: परिच्छेदाला एक रेघ. पान पिवळं करणारी मुलं वाचत नसतात, रंगवत असतात.

खोडरबर

लेखनाबद्दल. दोन पानं भरतात आणि मुद्दा सापडत नाही याचं मूळ पहिल्या पाच मिनिटांत असतं. मुलं विषय वाचतात आणि लिहायला लागतात. त्यामुळे निबंध ‘मोबाइल फोन्स हॅव मेनी ॲडव्हांटेजेस अँड डिसॲडव्हांटेजेस’ने सुरू होतो आणि दोन्ही बाजूंच्या यादीवर संपतो. त्या वाक्याशी कोणीच वाद घालणार नाही, आणि वाद नसेल तर पुढे सिद्ध करायलाही काही उरत नाही.

मुख्य विधानाची कसोटी: शहाणा माणूस याला ‘नाही’ म्हणू शकेल का? ‘स्कूल्स शुड टीच स्टुडंट्स व्हेन टु स्विच फोन्स ऑफ, नॉट टेक द फोन्स अवे.’ याला नाही म्हणता येतं, म्हणून हे चालतं. एका तासिकेत निबंध लिहून घेऊच नका. आठ विषय द्या आणि प्रत्येकी एक मुख्य विधान आणि तीन कारणं, प्रत्येक कारण एका ओळीत. नंतर विचारा, यातली दोन कारणं खरं म्हणजे एकच नाहीत ना? ‘वेळ वाया जातो’ आणि ‘अभ्यास होत नाही’ ही दोन कारणं नव्हेत. निबंध लांब असूनही फुसका का वाटतो, त्याचं निम्मं कारण इथे मिळेल.

परिच्छेदाचा सांगाडा: मुद्दा एका वाक्यात, मग पुरावा किंवा उदाहरण, मग त्या पुराव्यातून मुद्दा कसा सिद्ध होतो ते. या तिसऱ्या भागाला पुराव्याच्या किमान दुप्पट जागा हवी. मुलं तोच गाळतात, कारण त्यांना ते उघड वाटतं. त्यांच्या परिच्छेदात पुराव्याच्या प्रत्येक वाक्यानंतर समासात ‘सो व्हॉट?’ लिहा आणि उत्तर लिहून घ्या. चार-पाच वेळा लिहावं लागेल, मग मुलं स्वतःच ते वाक्य घालायला लागतात.

चाळीस मिनिटांचा निबंध असेल तर सहा-सात मिनिटं आराखडा, सत्तावीस-अठ्ठावीस लेखन, पाच तपासणी. प्रस्तावना तीन वाक्यांपेक्षा लांब झाली की बहुधा ती विषयाभोवती फिरते आहे. समारोपात नवं कारण आलं तर ते आत कुठेतरी हवं होतं.

आता वाक्यं. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिताना ठरावीक ठिकाणीच पाय घसरतो, तेवढीच ठिकाणं घ्या:

‘गेलो होतो’. आपण मराठीत साध्या भूतकाळालाही ‘काल मी तिकडे गेलो होतो’ म्हणतो. त्याचं ‘आय हॅड गॉन देअर येस्टरडे’ होतं. इंग्रजीत ‘हॅड’ लागतो तो दोन भूतकाळी घटनांपैकी आधीची दाखवायला. दुसरी घटना मनात नसेल तर ‘आय वेंट’.

‘की’. ‘ती म्हणाली की मी उद्या येते’ हे मराठीत बिनचूक आहे, ‘की’नंतर तिचेच शब्द येतात. इंग्रजीत ‘दॅट’नंतर ते चालत नाही, सर्वनाम, काळ आणि ‘टुमॉरो’ तिन्ही बदलतात: ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.’ कथेचा सारांश लिहिताना ही चूक पानापानाला येते.

आत दडलेला प्रश्न. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ नव्हे, ‘व्हॉट हिज नेम इज’.

आर्टिकल. मराठीत तो नाहीच, त्यामुळे नियमांची यादी पाठ करून तो येत नाही. एकच प्रश्न विचारायची सवय लावा: वाचणाऱ्याला ही वस्तू नेमकी कोणती ते आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर ‘द’. नसेल, आणि ती मोजता येणारी एकच असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. आणि ते ठरतं उच्चारावर, स्पेलिंगवर नव्हे: ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘ॲन अवर’.

स्वल्पविरामाने जोडलेली दोन पूर्ण वाक्यं. ‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड इन.’ मराठीत हे सहज खपतं, इंग्रजीत पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’ हवा.

‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’. या तीन एका कागदावर लिहून भिंतीला लावा, त्यावर तासिका घालवू नका.

तपासताना सगळ्या चुका एका वाचनात शोधायच्या नाहीत. एक वाचन फक्त क्रियापदांचं, दुसरं फक्त वाक्य कुठे संपतं याचं. आणि व्याकरणासाठी शेवटच्या वाक्यापासून वर या. वरून खाली वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चूक नजरेतून सुटते.

यमक_जुळेना

कवितेबद्दल. अलंकार ओळखता येत नाहीत असं वाटतं, पण खरी अडचण बहुधा वेगळी असते: मुलं कविता वाचण्याआधीच अलंकार शोधायला लागतात. क्रम बदला. नवी कविता दोनदा मोठ्याने वाचायची, तीही ओळ संपते तिथे न थांबता विरामचिन्ह येईल तिथे थांबून. मग साध्या गद्यात, कोण बोलतंय, कशाबद्दल, काय घडतंय. मग खटकणारी जागा. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी.

सरावापुरत्या चार ओळी जुळवून देतो, कुठल्याही गाइडमध्ये यांचं उत्तर मिळणार नाही:

द लॅम्प हॅज नथिंग लेफ्ट टु से,
द डोअर इज सिटिंग ऑन इट्स हिंज,
अँड डस्ट, द ओन्ली गेस्ट टुडे,
हॅज टेकन ऑल द चेअर्स.

गद्यात: रिकामी खोली, दिवा बंद, दार तसंच, खुर्च्यांवर धूळ. खटकणाऱ्या जागा मुलांना काढू द्या. दिवा बोलत नाही, दार बसलंय, धूळ पाहुणी झाली आहे. ‘ऑल द चेअर्स’, म्हणजे खुर्च्या बऱ्याच आहेत, म्हणजे इथे कधीतरी बरीच माणसं बसत असावीत. (हे अनुमानच आहे. वर खोडण्याची कसोटी सांगितली ती इथेही लावा: ‘ऑल’ काढा आणि बघा.) माणसं नाहीत म्हणून माणसांची कामं वस्तू करताहेत: बोलणं, बसणं, पाहुणं येणं.

आता नावं. पर्सॉनिफिकेशन (वस्तूला माणसासारखं वागवणं) तीन ठिकाणी, आणि धूळ म्हणजे पाहुणा हे मेटाफर. नाव लिहून अर्धा गुण मिळतो, उरलेला ‘त्याने काय होतं’ याला. ‘द पोएट यूजेस पर्सॉनिफिकेशन टु मेक द पोएम इंटरेस्टिंग’ हे वाक्य वर्गात बंद करा. ते कुठल्याही कवितेला लागू पडतं, म्हणून या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

मग कान. पहिल्या तीन ओळींत आठ-आठ अक्षरावयव (सिलेबल), बोटांवर मोजून घ्या. चौथीत सहा. ‘से’ला ‘टुडे’ जुळतं, पण ‘हिंज’चं यमक येतच नाही. चौथी ओळ तोकडी आहे आणि जोडीदाराविना आहे. जिथे कोणीतरी असायला हवं होतं तिथे कवितेतही जागा रिकामी राहिली. हे मुलांनी स्वतः पकडलं तर रूप आणि आशय यांवर वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

टोन विचारला की ‘सॅड’ आणि ‘हॅपी’ या दोनच पेट्या असतात. इथे ‘सॅड’ अर्धंच बरोबर आहे, कारण धुळीने सगळ्या खुर्च्या बळकावल्या यात जरा मिश्कीलपणा आहे. दोन शब्द लिहायला लावा, मध्ये ‘बट’: ‘लोनली बट ड्राय’, ‘अँग्री बट कंट्रोल्ड’. दुसऱ्या शब्दासाठी मुलांना कवितेकडे परत जावंच लागतं.

सॉनेट आलं तर १४ ओळी मोजून थांबू नका, विचार कुठे वळतो ते शोधा. इटालियन कवी पेट्रार्कच्या पद्धतीच्या सॉनेटमध्ये आठ ओळींनंतर, नवव्या ओळीशी. शेक्सपिअरच्या पद्धतीत यमकं ए बी ए बी, सी डी सी डी, ई एफ ई एफ, जी जी अशी, आणि वळण पुष्कळदा शेवटच्या दोन ओळींत. पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही.

निळी_वही

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. लीनाचं पत्र आणि धुळीच्या ओळी उचलते. दोन शंका उरल्या. एक, वर्गातली पाच-सहा मुलं मुळात उताराच नीट वाचू शकत नाहीत, अनुमान लांबची गोष्ट. दोन, कथेसाठी एकच तासिका उरते. कथानकाच्या आकृतीवर (एक्स्पोझिशन म्हणजे ओळख, रायझिंग ॲक्शन म्हणजे चढता ताण, क्लायमॅक्स म्हणजे कळस वगैरे) ती घालवू का? आणि अलंकारांची यादी खरंच सोडून द्यायची?

समासातला_शेरा

पहिल्या शंकेबद्दल. त्या मुलांना सोपा उतारा द्या, पण प्रश्न तेच ठेवा. आपण नेमकं उलट करतो: उतारा सगळ्यांना तोच, आणि त्यांना प्रश्न सोपे. त्याने ती सरळ माहितीच्या प्रश्नांवरच राहतात. शब्दसंग्रहावर भाषा-अभ्यासक पॉल नेशन आणि इतरांनी केलेल्या संशोधनातून निघालेला अंदाज असा, की आधाराशिवाय नीट समजायला उताऱ्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. शंभर शब्दांचा तुकडा वाचायला द्या आणि अडलेल्या शब्दांवर टिंब करायला सांगा. आठ-दहा टिंबं आली तर त्या उताऱ्यावर अनुमान शिकवणं व्यर्थ आहे, त्यांची ताकद शब्दांतच संपते.

रोजची पाच मिनिटं जोडीने मोठ्याने वाचन, तोच परिच्छेद तीनदा. पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा अर्थाला धरून. तिसऱ्या वाचनात आवाज योग्य जागी थांबतोय का तेवढं ऐका. चुकीच्या जागी थांबतो तिथे वाक्यरचना कळलेली नसते, आणि ती जागा तुम्हाला आयती मिळते.

पूर्णविराम

आकृतीवर तासिका घालवू नका. जर्मन लेखक गुस्ताफ फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये ती मांडली ती नाटकांसाठी, त्यातही पाच अंकांच्या शोकांतिका डोळ्यांसमोर ठेवून. दोन पानांच्या आधुनिक कथेत फॉलिंग ॲक्शन (कळसानंतरचा उतार) शोधत बसलं की मुलं नसलेली वस्तू सापडल्याचं लिहून मोकळी होतात. नावं माहीत असू द्यात, दहा मिनिटं पुरे.

त्याऐवजी दोन गोष्टी. पहिली, कथा कोणाच्या डोळ्यांतून दिसते. ‘आय’ दिसला की फर्स्ट पर्सन एवढं येतं; थर्ड पर्सनमधले दोन प्रकार चुकतात. त्यासाठी प्रश्न एकच: किती जणांच्या मनातलं आपल्याला कळतं? एकाच्याच, तर लिमिटेड. अनेकांच्या, तर ऑम्निशंट. वरच्या लीनाच्या दोन वाक्यांत मनातलं कोणाचंच दिलेलं नाही, फक्त हालचाल आहे. तीच दोन वाक्यं भावाच्या तोंडून लिहून घ्या. घड्याळामागचं पत्र त्याला दिसणारच नाही, ते गाळावं लागेल, आणि उरेल काय, तर बहिणीने उगाच सोडलेला नळ. दृष्टिकोन बदलला की वाचकाला काय कळतं तेच बदलतं, हे व्याख्येतून समजत नाही. आणि निवेदक म्हणजे लेखक नव्हे. उत्तरात ‘द ऑथर फील्स’ दिसलं की ‘द नॅरेटर’ करून घ्या.

दुसरी, थीम. ‘फ्रेंडशिप’ ही थीम नाही, विषय आहे. थीम पूर्ण वाक्यात यायला हवी आणि त्यात पात्राचं नाव नको: ‘जवळच्या माणसाला वाचवायला सांगितलेलं खोटंही त्याला दूर लोटतं.’ हे वाक्य त्या कथेतल्या शेवटच्या बदलाला लागू पडतं का तेवढं तपासा. ‘वी शुड ऑलवेज टेल द ट्रुथ’ लिहिलं तर तो उपदेश झाला, बहुतेक कथा तेवढ्यासाठी लिहिलेल्या नसतात.

खोडरबर

अलंकारांच्या यादीबाबत वरच्या सुराशी माझा थोडा मतभेद आहे. पेपरात नाव विचारतात, तर नाव यायलाच हवं. पण यादी बाराच्या वर नेऊ नका: सिमिली (उपमा), मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन (अनुप्रास), ऑनोमॅटोपिआ (आवाजाची नक्कल करणारा शब्द), हायपरबोली (अतिशयोक्ती), रिपिटिशन, कॉन्ट्रास्ट, इमेजरी, सिम्बॉल, आयरनी, ऑक्सिमोरॉन (विरोधी शब्दांची जोडी). व्याख्या नकोत. प्रत्येकाचं एक नवं उदाहरण आणि एक फसवं उदाहरण द्या. ‘ही रन्स लाइक हिज फादर’ ही सिमिली नव्हे, ती साधी तुलना आहे. ‘ही रन्स लाइक अ लीकिंग टॅप’ ही सिमिली. नुसता ‘लाइक’ बघून टिक करणारी मुलं इथे सापडतात. अलिटरेशन आवाजाचं असतं, अक्षराचं नव्हे: ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षराने सुरू होतात, पण आवाज जुळत नाही, ‘फोन’ आणि ‘फिश’चा जुळतो. आयरनीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, मुलं योगायोगालाही आयरनी म्हणतात. पावसात छत्री विसरणं दुर्दैव. छत्र्यांचा कारखानदार पावसात भिजत उभा असणं सिच्युएशनल आयरनी. वाचकाला माहीत आणि पात्राला नाही, ती ड्रामॅटिक. बोलतो एक आणि म्हणायचंय उलट, ती व्हर्बल.

यमक_जुळेना

मतभेद मान्य, बाराची यादी रास्त आहे. एकच भर: साहित्याच्या उत्तरात काळ वर्तमान ठेवायला आधीपासून सांगा. ‘लीना हाइड्स द लेटर’, ‘हिड’ नव्हे. मुलं कथा सांगताना भूतकाळात आणि मत देताना वर्तमानात जातात, आणि एका परिच्छेदात चार वेळा काळ बदलतो. लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांभोवती गोल करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि खोडरबर यांनी सांगितलेलं क्रियापदांचं वाचनही त्यातच उरकतं.